माकड मेलं म्हणून बाबांनी काजूच्या बागेत जायचंच नाही का?

पत्राचा सारांश (नाव, गाव वगळून): वाचक पुण्यात नोकरीला आहेत. आईवडील दोडामार्ग तालुक्यात गावी, घरची काजूची बाग डोंगराच्या रानाला लागून. गेल्या आठवड्यात बागेच्या वरच्या अंगाला एक मेलेलं माकड सापडलं. शेजारच्या वाडीत काही वर्षांपूर्वी माकडतापाचे (गोचिडी चावून होणारा व्हायरसचा ताप, क्यासनूर फॉरेस्ट डिसीज) पेशंट झाले होते म्हणून वाचकांनी वडिलांना सांगितलं, यंदा बागेत पाऊल टाकायचं नाही, बाग मक्त्याने देऊन टाका. वडील ऐकत नाहीत, फोनवर वाद झाला, आता दोघांचं बोलणं जेवलात का, बरे आहात का एवढ्यावर आलंय. चुलतभावाचं म्हणणं, हा व्हायरस माकडांनी आणलाय, गावाने मिळून माकडांचाच बंदोबस्त करू. बायको म्हणते मे महिन्यात मुलांना गावी नेणार नाही, बाबांना ताप आला तर मुलांना लागेल. वाचक विचारतात, बाबांना कसं समजावू, आणि पुण्यातून लस मिळवून देता येईल का?

दादा,

सगळ्यात आधी एक विचारते, ते माकड अजून तिथेच पडलंय का? पत्रात सगळं आहे, बाबांचा हट्ट, भावाचं म्हणणं, बायकोची काळजी, पण कुणाला कळवलं की नाही ते कुठेच नाही. कळवलं नसेल तर पुढचं नंतर वाचा, आधी हे करा. वनखात्याचा हॅलो फॉरेस्ट नंबर आहे १९२६, तिथे फोन करा, सरपंचांना किंवा ग्रामसेवकाला सांगा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातही सांगून ठेवा. माकड ताजं असेल तर त्याचे नमुने तपासता येतात, जेवढे दिवस जातील तेवढं तपासणीतून हाती काही लागणं अवघड होत जातं. आणि ते सडून गेलं असलं तरी जागा दाखवायचीच, कारण तिथे गोचीडनाशक पावडर मारायची असते. तोवर कुणी हात लावायचा नाही, काठीने ढकलायचं नाही, पुरायला जायचं नाही, कुत्र्यालाही तिकडे सोडायचं नाही.

हे एवढं का, तर माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी थंड पडलेलं अंग सोडून खाली उतरतात आणि तिथल्याच पाचोळ्यात पुढच्या जनावराची नाहीतर माणसाची वाट बघत बसतात. त्यातल्या काहींच्या अंगात व्हायरस असू शकतो. म्हणजे धोका असलाच तर त्या माकडापेक्षा जास्त त्याच्या आजूबाजूच्या जमिनीत आहे. ही गोष्ट डोक्यात पक्की बसली ना की तुमचे अर्धे प्रश्न वेगळे दिसायला लागतील.

आता भावाचं म्हणणं घेऊ, कारण मला त्याचीच जास्त भीती वाटते. माकडांचा वैताग खोटा नाहीये हो, कोकणात माकडांनी आणि वानरांनी नारळ, केळी, भाजीपाला काही म्हणून ठेवलेलं नाही, लोकांनी परसात भाजी लावायची सोडून दिलीय. पण हा राग वेगळा आणि माकडताप वेगळा. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली आणि आसपासच्या गावांत माणसंही तापाने पडायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरचे, म्हणजे आजच्या एनआयव्हीचे (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे), लोक तिथे गेले. माकडं आणि माणसं एकाच वेळी मरतायत म्हटल्यावर पहिली शंका आली ती यलो फीव्हरची. पण निघाला वेगळाच व्हायरस, आणि तो पसरवणाऱ्या निघाल्या गोचिडी. नातं लागलं लांब रशियातल्या एका गोचीडतापाच्या व्हायरसशी, त्यामुळे पक्ष्यांबरोबर सैबेरियातून आला की काय असाही संशय होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या देखरेखीखाली पक्ष्यांच्या पायात कडी घालायचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले ते याच शंकेपोटी. पक्ष्यांनी आणला असं काही सिद्ध झालं नाही, पण आपल्याकडच्या पक्ष्यांच्या स्थलांतराची केवढीतरी माहिती त्यातून जमा झाली.

तर माकडांचं असं आहे की ती या आजाराने आपल्यापेक्षा जास्त मरतात. व्हायरस रानात टिकून राहतो तो गोचिडींमध्ये आणि उंदीर, चिचुंद्र्या असल्या बारक्या जनावरांमध्ये. समजा तुमच्या गावाने सगळी माकडं हाकलली, तरी गोचिडी तिथेच, उंदीर तिथेच, व्हायरसही तिथेच, फक्त माणसाच्या आधी मरून तुम्हाला सावध करणारं कुणी उरणार नाही. शिवाय माकडं मारायला, पकडायला, हाकलायला जे लोक रानात शिरतील ते नेमके त्याच पाचोळ्यातून फिरणार. आणि वन्यजीव कायद्याचं लचांड मागे लागेल ते वेगळंच. भावाला हे शांतपणे सांगा. त्याला खरंच काही करायचंय ना, तर वाडीतल्या चार पोरांना घेऊन कुठे माकड मेलेलं दिसलं की त्याच दिवशी कळवायचं एवढं काम अंगावर घ्यायला सांगा. गावाला त्याचा जास्त उपयोग आहे.

आणि हा व्हायरस कुठून तरी 'आला' असं आपण सहज म्हणतो तेही तपासून बघायला पाहिजे. पन्नासेक वर्षं हा आजार कर्नाटकातल्या ठराविक जिल्ह्यांतलाच मानला जायचा. मग २०१२-१३ च्या सुमाराला बंदीपूर, निलगिरी, वायनाड असं करत तो दिसायला लागला, २०१५ ला गोव्यात सत्तरीत, २०१६ ला तुमच्या दोडामार्गात, पुढच्याच वर्षी बांद्याकडे. एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी १९५७ पासून २०१७ पर्यंतच्या नमुन्यांचे जनुकीय क्रम एकमेकांशी ताडून तो सह्याद्रीतून कसा पसरत गेला याचा माग काढलाय. पण याच गटातल्या व्हायरसच्या अँटीबॉडी फार पूर्वी लांब कच्छ-सौराष्ट्राकडच्या लोकांच्या रक्तातही सापडल्या होत्या, त्यामुळे तो काही जागी आधीपासून गुपचूप असू शकतो आणि आपण रानाशी काय करतो त्यावर वर येतो असंही मानायला जागा आहे. २०१९ आणि २०२० मध्ये आलेल्या अभ्यासांनी हेच जास्त स्पष्ट केलं. एकात दिसलं की जिथे जंगल तुटत गेलं तिथे आजाराला पोषक परिस्थिती जास्त, दुसऱ्यात दिसलं की सलग दाट जंगलापेक्षा जिथे जंगल, बागा, शेतं, गुरं असं सगळं एकमेकांत मिसळलंय अशा पट्ट्यात धोका जास्त. तुमच्या तालुक्यात डोंगरच्या डोंगर साफ करून रबर लागलं, अननस लागला, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. मला हे मनापासून लागतं, कारण त्याची किंमत माकडं आणि बाबांसारखी माणसं मोजतात, झाडं तोडणारा लांब राहतो.

आता बाबा. तुम्ही लिहिलंय 'ते हट्टी आहेत, त्यांना गांभीर्यच कळत नाही'. मला नाही असं वाटत. शेजारच्या वाडीत पेशंट झाले तेव्हा ते तिथेच होते, तुम्ही पुण्यात होतात. त्यांना हा आजार तुमच्यापेक्षा जवळून माहीत असणार. तुम्ही त्यांच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या, बागेत जा नाहीतर जाऊ नका, आणि ऐन हंगामाच्या तोंडावर आयुष्यभर सांभाळलेली बाग सोड म्हटल्यावर कुठलाही बागायतदार नाहीच म्हणणार. काजू म्हणजे वर्षाचा पैसा आहे, तो हातातून गेला की पोराच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि ते त्यांना नको असेल.

मक्त्याचाही जरा विचार करा. मक्तेदार स्वतः थोडाच बिया वेचणार आहे, तो बायामाणसं लावणार, बऱ्याचदा बाहेरगावची, रोजंदारीची, चपला घालून नाहीतर अनवाणी पाचोळ्यात बसून काम करणारी. त्यांना ना तुमच्या बागेत माकड मेलेलं माहीत, ना ताप आल्यावर कुठे जायचं ते माहीत. बाबांच्या वाटचा धोका उचलून आपण त्या बाईच्या पदरात टाकतो. बाबांची तब्येत खरंच बरी नसेल, वय जास्त असेल, तर द्या मक्त्याने, त्यात गैर काही नाही, पण मग माकड मेलंय हे मक्तेदाराला स्पष्ट सांगायचं, आणि तेल, बूट, तापाची माहिती हे सगळं मजुरांपर्यंत जाईल एवढं करारातच बोलून घ्यायचं.

पण मला वाटतं तुम्हाला तिसरी वाट आहे, जायचं पण वेगळ्या पद्धतीने जायचं. आणि त्यासाठी बाबांचा दिवस नीट डोळ्यांसमोर आणावा लागेल, कारण धोका 'बागेत' असा मोघम नसतो, तो ठराविक कामात असतो.

माणसाला चावते ती बहुतेक करून निम्फ, म्हणजे मधल्या अवस्थेतली गोचीड, खसखशीच्या दाण्याएवढी. गुरांच्या कानात टम्म फुगलेली दिसते ना, ती मोठी झालेली. ही बारकी चावली तरी दुखत नाही, म्हणून माणूस म्हणतो मला कुठे काय चावलं. पावसाळा संपला की या वाढायला लागतात आणि साधारण नोव्हेंबर ते मे रानात असतात, त्यातही जानेवारी ते मार्च जोर, म्हणजे बरोबर आपला बागेचा हंगाम. त्या झाडावरून उड्या मारत नाहीत, पाचोळ्यात आणि बुटक्या झुडपांवर बसून असतात. आता बघा बाबा काय करतात. बिया नीट दिसाव्यात म्हणून झाडाखालचा पातेरा हाताने ओढून गोळा करतात, गोठ्यात अंथरायला नाहीतर भाजावळीला म्हणून त्याचाच भारा बांधून डोक्यावर नाहीतर खांद्यावर आणतात, वाकून नाहीतर उकिडवं बसून बोंडू उचलतात, बी पिळून काढतात, दमले की त्याच पाचोळ्यावर टेकून न्याहारी करतात, काढलेला शर्ट झुडपावर टाकतात, घरी येताना सरपणाची मोळी. गोचिडीला अंगावर यायला मिळतं ते या सगळ्यात.

म्हणून बदल तिथेच करायचा. पातेरा हाताने न ओढता लांब दांड्याच्या दाताळाने ओढायचा, आणि यंदा तरी तो घरी आणायचा नाही, गोठ्यात दुसरं काही अंथरा, पेंढा विकत घ्यावा लागला तरी घ्या, तो खर्च तुम्ही करा. बसायला प्लास्टिकची गोणी नाहीतर स्टूल. पूर्ण बाह्यांचा फिक्या रंगाचा शर्ट, म्हणजे चढलेली गोचीड दिसते, फुलपँट मोज्यात खोचलेली, वर गमबूट. उघड्या अंगाला आणि कपड्याच्या कडांना गोचीड पळवणारं तेल. डीआरडीओने, म्हणजे संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, तयार केलेलं डेपा नावाचं औषध आहे, डीएमपी तेलही वापरतात, बाधित गावांत आरोग्य खातं वाटतं तेव्हा आधी केंद्रात विचारा. सकाळी एकदा लावलं की दिवसभर चालतं असं नाही, घामाने जातं, न्याहारीनंतर परत लावायचं. घरी आल्यावर कपडे खाटेवर नाहीतर खुंटीला अडकवायचे नाहीत, थेट गरम पाण्यात, आणि साबण लावून गरम पाण्याने आंघोळ. आंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्याच्या मागे, कानामागे, कमरेच्या नाडीखाली हात फिरवून बघायचं, पाठ आईने बघायची. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढायची. रॉकेल ओतणं, काडीने चटका देणं, दोन बोटांत चिरडणं हे अजिबात नको, चिरडली तर तिच्या पोटातलं आपल्या हाताला लागतं. मग जागा आणि हात साबणाने धुवायचे.

अजून एक. जिथे माकड मेलं त्या वरच्या अंगाच्या झाडांवर यंदा पाणी सोडा. चार-पाच झाडांच्या बिया गेल्या तर गेल्या. अख्खी बाग सोडा म्हणण्यापेक्षा एवढा तुकडा सोडा म्हणणं बाबांना पटू शकतं, आणि तुमच्याही जिवाला थोडी शांतता.

घरी गुरं असतील तर त्यांचंही बघा. गुरं या तापाने आजारी पडत नाहीत, पण रानात चरून येताना मोठ्या गोचिडी त्यांच्यावर पोसल्या जातात आणि गोचिडींची संख्या वाढते. पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्या, दुकानातून आणून आपल्या अंदाजाने फवारू नका.

लसीबद्दल सरळ सांगते, पुण्यात तुम्हाला ती मिळणार नाही. जुनी लस होती, महिन्याच्या अंतराने दोन डोस, वर बूस्टर. कर्नाटकातल्या एका अभ्यासात दोन डोसनंतर साधारण ६२ टक्के आणि बूस्टरसह ८३ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिसलं होतं, पण लस घेतलेल्यांनाही ताप येत राहिला, शेवटी २०२२ पासून ती बंद झाली. आयसीएमआर (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादची इंडियन इम्युनोलॉजिकल्स मिळून नवी लस बनवतायत, माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्यात, पण ती हातात येईपर्यंत तेल, बूट आणि गरम पाणी यावरच आपली भिस्त. कुणी माकडतापाची लस देतो म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. ज्या आजाराचे पेशंट वर्षाला काहीशे, तेही जंगलाच्या कडेला राहणारे शेतकरी आणि मजूर, त्याच्या लसीला एवढी वर्षं लागावीत याचा मला राग येतो, आणि हे आपण मोठ्याने बोलत राहायला हवं.

ताप आलाच तर काय, हे बाबांना, आईला आणि शेजारी एकाला तरी पाठ पाहिजे. गोचीड चावल्यापासून ३ ते ८ दिवसांत अचानक थंडी वाजून ताप, कपाळ ठणकणं, अंग मोडून निघाल्यासारखं दुखणं, उलट्या, डोळे लाल, कधी हिरड्यांतून नाहीतर नाकातून रक्त. त्या दिवशीच सरकारी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगायचं की मी काजूच्या बागेत जातो, आमच्याकडे माकड मेलंय. हे वाक्य फार कामाचं आहे, कारण लक्षणं डेंग्यूसारखी दिसतात आणि नुसती डेंग्यूची टेस्ट करून घरी पाठवलं जाऊ शकतं. पहिल्या काही दिवसांत रक्तात व्हायरस सापडतो, उशीर झाला तर अँटीबॉडीची टेस्ट करावी लागते. आपल्या मनाने पेनकिलर खायच्या नाहीत, रक्तस्रावाची भीती असते. व्हायरस मारणारं खास औषध नाही, पण वेळेवर सलाईन आणि देखरेख मिळाली की बहुतेक जण बरे होतात, दगावण्याचं प्रमाण १०० पेशंटमागे ३ ते ५ च्या आसपास सांगतात. ताप उतरला म्हणून लगेच बागेत पळायचं नाही, काही जणांना एक-दोन आठवडे बरं वाटून परत ताप येतो, तेव्हा डोकं जड, हात थरथरणं, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर थेट मोठ्या हॉस्पिटलला.

वहिनींना सांगा, माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही. आजोबांच्या मांडीवर बसून, एका ताटात जेवून मुलांना काही होणार नाही. मे महिन्यात पेशंटचं प्रमाण तसंही उतरलेलं असतं, खुशाल न्या मुलांना, फक्त रानात आणि बागेत हुंदडू देऊ नका, अंगणात, परसात, नदीवर खेळू दे, आणि रोज संध्याकाळी आंघोळीच्या वेळी अंग बघा. नातवंडं येणार नाहीत हे बाबांना कळलं तर त्या तापापेक्षा ते जास्त लागेल.

आणि बाबांना समजावू कसं, तर फोनवर समजावूच नका. बातम्यांच्या लिंकाही पाठवू नका. येत्या शनिवार-रविवारची सुट्टी काढा, दोन जोड गमबूट घ्या, एक त्यांचा एक तुमचा, दाताळं घ्या, आणि सकाळी त्यांच्याबरोबर बागेत जा. त्यांनाच विचारा, माकड कुठे दिसलं, यंदा पातेरा किती पडलाय, कुठली झाडं सोडता येतील. काम तुम्ही करा, सांगू दे ते. बुटात पाय घामेजतात म्हणून ते कुरकुरतील, कुरकुरू दे, तुम्ही घातलेत म्हटल्यावर तेही घालतील. जमलं तर निघताना गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना भेटून घ्या, त्यांचा नंबर आईच्या फोनमध्ये सेव्ह करा. पुण्याला परत आल्यावर रोज रात्री फोनवर 'बागेत गेला होतात का' हे विचारायचं नाही, 'अंग बघितलंत का' एवढंच विचारायचं.

सत्तरी, सावंतवाडी, चंदगड, आजरा या पट्ट्यात रानाला लागून बाग असलेल्या बाकी वाचकांनाही हेच लागू आहे. ज्यांच्याकडे मजूर येतात त्यांनी तेलाची बाटली बागेतच ठेवावी, मजुरीत न धरता, आणि कामाला सुरुवात करायच्या आधी सगळ्यांना लावायला द्यावी.